हरणांना आवतान

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे जगदाळेसर गवत खातात.

हे वाचून तुम्हाला वाटेल, बाई काहीतरी अलंकारिक बोलतेय. नाही हो, खरंच खातात. हिरवं, जमिनीतून उपटलेलं, कधी धुतलेलं आणि बरेचदा न धुतलेलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते इथे जपानात, फुनाबोरीजवळ नदीच्या बांधावर. आम्ही ग्योतोकुहून इकडे राहायला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. माझी मुलगी इरा सायकल शिकत होती आणि मी धापा टाकत मागून पळत होते. समोर उतारावर एक गृहस्थ उकिडवे बसलेले. अंगात ऑफिसचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात मूठभर गवत. डोळे मिटून सावकाश चावत होते. कुत्री फिरवायला आलेल्या जपानी बायका "सुमिमासेन, सुमिमासेन", म्हणजे माफ करा, माफ करा, असं पुटपुटत लांबून वळसा घालून जात होत्या. तेवढ्यात गृहस्थ स्वतःशीच मोठ्यांदा म्हणाले, "आहाहा! काय गोडी हाय!"

झालं. मराठी कानावर पडल्यावर गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी विचारलं, "अहो, काय खाताय काय?"

त्यांनी वर पाहिलं. दचकले नाहीत की ओशाळले नाहीत. जणू मी त्यांच्या घरी जेवायलाच आले होते अशा थाटात एक काडी पुढे केली. "राई गवत. घ्या, चावून बघा. बुडख्याकडनं."

आणि मी, कोथरूडमध्ये वाढलेली, भाजी तीनदा धुऊन घेणारी बाई, ती काडी घेऊन चावायला लागले. गोड होती हो खरंच. इरा सायकल टाकून किंचाळली, "मम्मा, हाझुकाशीऽऽ!" म्हणजे, लाज आणलीस. त्या दिवसापासून कुत्रीवाल्या बायका मलाही वळसा घालतात.

जगदाळेसर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. शिक्षण चारापिकांचं. चौदा वर्षं जपानात आहेत आणि एका संशोधन संस्थेत गवतांवर काम करतात. पन्नाशी कधीच ओलांडली आहे. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "वैरणीत वेळ गेला" म्हणतात आणि विषय बदलतात. त्यांच्या लेखी जगात सगळं एकाच मापात मोजलं जातं. भेटले की "जेवलात का?" नाही, "वैरण झाली का?" इराला ते "गुणाचं वासरू" म्हणतात. माझ्या नवऱ्याला, निखिलला, त्यांनी पहिल्याच दिवशी आपादमस्तक न्याहाळून सांगितलं, "साहेब, तुम्हाला हिरवा चारा कमी पडतोय." निखिल कॉम्प्युटरपुढे बसून दिवसभर बिस्किटं खातो, त्यामुळे मला त्यात बोलण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "खाल्लेलं सगळेच बघतात वहिनी. उरलेलं बघावं." आणि ते बघतात! गणपतीला हॉलमध्ये सगळी मंडळी जमली की आरती झाल्यावर हा माणूस फोटो काढत नाही, कागदी ताटल्यांच्या ढिगापाशी उभा राहून डोकावतो. "भरल्या वांग्याचं देठसुद्धा न्हाई उरलं. मसालेभात मात्र टाकलाय. तूप कमी होतं." कचऱ्याच्या दिवशी तर विचारू नका. इथे कचरा पारदर्शक पिशव्यांतून ठेवावा लागतो आणि सर त्या पिशव्यांपुढे कमरेत वाकून उभे. एकदा मला जिन्यात गाठून कळवळून म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरची मंडळी गाजराचा पाला टाकतात वो! सोन्यासारखी वैरण!" तिसऱ्या मजल्यावर आम्हीच राहतो. मी तेव्हापासून पाला वर्तमानपत्रात गुंडाळून टाकते.

तर अशा माणसाने मला नोकरी दिली. मी पुण्यात बँकेत होते. इथे निखिलच्या मागोमाग आले आणि दोन वर्षं कोंबिनीत बाइतो केला, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या त्या दुकानात तासावर काम. एके दिवशी सर म्हणाले, "वहिनी, आमच्याकडं फोटो निवडायला माणूस पाहिजे. तुमची नजर चांगली हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुम्हाला तांदूळ निवडताना बघितलंय."

काम खरंच तांदूळ निवडण्यासारखंच निघालं. बोसोच्या डोंगरात, इथून अडीच तासांवर, एक लहानसं गाव आहे. तिथे सरांनी रानाच्या कडेला कॅमेरे लावले होते. काहीही हललं की फोटो निघायचा, कधी आवाजासकट चित्रफीत. सर कॅमेऱ्यातलं कार्ड आणून माझ्या टपालपेटीत टाकायचे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून फोटोंचे पाच ढीग करायचे. हरीण, रानडुक्कर, तानुकी, माणूस आणि काहीच नाही. तानुकी म्हणजे कुत्र्याने मुंगसाचा वेष घेतल्यासारखा एक प्राणी. तो फारच फोटोत येतो.

आता या सगळ्याचं कारण सांगते. त्या गावात हरणांचा सुळसुळाट. भाताची रोपं खातात, लोंब्या आल्या की त्या खातात. गावात माणसं थोडी आणि सगळी सत्तरीच्या पुढची. त्यांनी बिचाऱ्यांनी जाळ्या लावल्या, मिरची आणि लसणाच्या पुड्या बांधावर टांगल्या. सर त्या पुड्यांबद्दल बोलताना नाक मुरडायचे. "पाहुणा दारात आला की मिरची दाखवायची! ही काय रीत झाली?" शेवटी गावकऱ्यांनी लोखंडी पिंजरे मागवले. आत वाळवलेल्या घासाचे तुकडे ठेवायचे, हरीण आत शिरलं की दार खाली. पुढे काय होतं ते मी सांगायला नको.

सरांनी भर बैठकीत उभं राहून सांगितलं की मला एक हंगाम द्या. भातखाचरांच्या वर, रानाला लागून जी पडीक खाचरं आहेत, तिथे मी हरणांना आवडेल असं काहीतरी पेरतो. वरच पोट भरलं तर ती खाली कशाला येतील? गाव कबूल झालं, पण मुदत घालून. भात निसवेपर्यंत, म्हणजे लोंब्या बाहेर पडेपर्यंत. तोवर हरणं वरच्या शेतात जेवायला लागली तर ठीक, नाहीतर पिंजरे. पिंजऱ्यांत कोणता घास ठेवायचा हेही सरांनाच सांगावं लागणार होतं, कारण त्यातले तज्ज्ञ तेच.

"जेवायला बोलवायचं आणि मागनं दार लावून घ्यायचं," सर मला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा अर्धा टाकला. "ते माझ्या हातनं व्हायचं न्हाई, वहिनी."

मग सुरू झाली निवड. देवा रे! लग्नाच्या जेवणाचा बेत ठरवतानासुद्धा आमच्या घरी इतका खल झाला नव्हता. लसूणघास की बरसीम? ओट कोवळा असताना की पोटरीत आल्यावर? चवळी मांडवावर चढवायची की जमिनीवर पसरायची? प्रत्येक रोप सर आधी स्वतः खायचे. "जनावराच्या तोंडात घालायच्या आधी आपल्या तोंडात घालावं." रोज संध्याकाळी आमच्या दारात एक वाटी घेऊन हजर. "वहिनी, हे क्लोव्हर. हे आल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास. सांगा, कुठलं कडू?" मी मुकाट्याने खायचे. निखिल दार वाजलं की बाथरूममध्ये जायचा. इराचंही मत विचारलं गेलं, लहान मुलांची जीभ स्वच्छ असते म्हणून. ती टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली, "शिका-सेनबेइ." नारा शहरातल्या हरणांना यात्रेकरू चारतात ती बिस्किटं. सरांनी तेही वहीत लिहून घेतलं. वर म्हणाले, "नाराची हरणं शहरी, बाळा. बिस्किटासाठी मान लववून नमस्कार करत्यात. आपली डोंगरातली. त्यांना जेवण लागतं."

आणि जेवणच वाढलं त्यांनी. मी एकदा गावी जाऊन बघून आले. पाच खाचरांतून अकरा पट्टे, आणि कडेला दगडावर मिठाचा खडा. मी विचारलं, "मीठ आधी का?" तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "पानात पहिलं काय वाढतात, वहिनी?" मिठाच्या शेजारी तिखट-तुरट म्हणून मोहरीवर्गातला पाला, मग चवळी, सोयाबीन, रताळ्याचे वेल आणि भाताच्या जागी भरपूर लसूणघास. पंगतच ती. खालच्या खाचरातून इशिइ-सान, म्हणजे इशिइबाई, बघत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठीचं पार धनुष्य झालेलं. वरच्या शेताला लागून त्यांचंच भात होतं. त्या मला म्हणाल्या, "सेन्सेई माणूस चांगला आहे. पण हरणापेक्षा जास्त तोच शेतात असतो." मी हसले. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

एप्रिल गेला, मे गेला. हरीण शेतात पाऊल ठेवीना. माझा 'हरीण' ढीग रिकामा, 'तानुकी' बऱ्यापैकी आणि 'माणूस' ओसंडून वाहणारा. माणूस म्हणजे सर! संस्थेतलं काम आटपून, सुट्ट्या टाकून, दिवसाआड गावी. सर लसूणघास चाखताना. सर वाकून पानं मोजताना. सर गुडघ्यावर बसून देठ तपासताना. हा देठाचा विषय मला तोंडपाठ झाला होता. हरणाला गाईसारखेच वरचे पुढचे दात नसतात. ते कापत नाही, ओढून तोडतं, म्हणून देठाला पदराला असतात तशा दशा राहतात. सशाने खाल्लं तर कात्रीने कापल्यासारखं तिरकं. सर दर खेपेला दशा शोधायचे आणि दर खेपेला एकही देठ तुटलेला नसायचा. परत आले की जिन्यातच विचारायचे, "वहिनी, कुणी आलं होतं का?" एखादा लेकीच्या पत्राची वाट बघत पोस्टमनला विचारेल तसं. मी काय सांगणार? "तानुकी आला होता सर." "तो आगंतुक," असं म्हणून ते खाली जायचे. दाराचा आवाज होईपर्यंत मी वर उभी राहायचे. वाईट वाटायचं.

भाताची पोटरी, म्हणजे पोटातली लोंबी, फुगायला लागली. खालच्या खाचरांत हरणांचे खूर उमटायला लागले. गावच्या गोदामातून पिंजरे बाहेर काढून धुऊन ठेवले, असं इशिइ-सानकडून कळलं.

आमच्या भिंतीवर पुण्याहून आईने पाठवलेली दिनदर्शिका असते. त्यात जुलैतल्या एका चौकोनात बारीक अक्षरात 'बेंदूर' लिहिलेलं दिसलं. आमच्या घरी बैल कधी नव्हता, स्कूटर होती, पण एवढं ठाऊक होतं की साताऱ्याकडे बैलांचा हा मोठा सण. म्हटलं, माणूस इतका खचलाय, पुरणपोळ्या करून नेऊ या. सकाळी डाळ शिजत घातली आणि शिजेपर्यंत आदल्या रात्री सरांनी आणून टाकलेलं, रानाच्या पायवाटेवर नव्याने लावलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड निवडायला बसले.

आणि पहिल्याच फोटोत हरीण! मी ओरडलेच. इरा धावत आली. पहाटेचा उजेड, रानातून उतरणारी पायवाट, काकीच्या, म्हणजे जपानी टेंभुर्णीच्या, झाडाखाली एक मादी. मान लांब केलेली, नाक पुढे. पुढच्या फोटोत तिने तोंड फिरवलेलं. त्याच्या पुढच्या फोटोत नुसती पाठ. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन आल्या. काकीच्या झाडापर्यंत येऊन, नाक पुढे करून, परत. तिसऱ्या दिवशी तेच.

"मम्मा, तिला वास आवडला नाही," इरा म्हणाली. चक्क मराठीत.

वास? कसला वास? मी पुढचा फोटो उघडला. तीच जागा, तेच काकीचं झाड, भर दुपार. झाडाखाली मांडी घालून सर बसलेले. मांडीवर स्टीलचा डबा. त्यांचा नियमच होता तो, की पंगतीला यजमानाने दोन घास तरी खावेत म्हणून शेतात गेलं की तिथेच बसून जेवायचं. सावली त्या एकाच झाडाची. जेवण झालं की डबा बाटलीतल्या पाण्याने विसळून ते पाणी शेताच्या कडेला फेकायचं, चूळ तिथेच भरायची. मी फोटो मोठा केला. भाकरी आणि भाकरीवर हिरवागार गोळा.

तो ठेचा होता. मिरची, लसूण आणि मीठ. आणि तो मी केलेला होता! दर रविवारी बरणी भरून मीच द्यायचे, एकटा माणूस काय करून खाणार म्हणून. गावकरी हरणांना हाकलायला जे पुडीत बांधून टांगत होते, तेच आमचे सर दर खेपेला पाहुण्यांच्या ऐन दारात बसून भाकरीबरोबर खात होते आणि वर पाण्यात कालवून शिंपडत होते. मी कपाळावर हात मारला. चारापिकांतला डॉक्टर आणि बँकेतली माजी अधिकारी, दोघांनी मिळून तीन महिने हरणांना मिरच्या दाखवल्या होत्या.

कार्डावर शेवटी एक चित्रफीत होती, आदल्याच संध्याकाळची. सर पुन्हा काकीच्या झाडाशी उभे, पण डबा नाही. डोक्यावर टोपी. हातात वाटी. वाटीतलं काहीतरी पिवळं ते झाडाच्या बुंध्याला चोळत होते, अगदी हळू, गोल गोल, जणू त्या बुंध्याचा खांदा दुखत होता. मग रानाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणाले, "आज आवतान घ्या, उद्या जेवाय या."

रानात काहीच हललं नाही. सर तसेच उभे. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ह्या बारीला चुकायचं न्हाई. शब्द हाय."

मी पोळ्या लाटल्या, त्यातल्या चार एका डब्यात घातल्या आणि खाली गेले. सरांनी दार उघडलं. डबा बघितला आणि दोन पावलं मागे सरले.

"आज नको वहिनी. आज माझा उपास असतो."

"बेंदराला उपास? बेंदराला तर पोळी खातात ना?"

"खातात," ते म्हणाले. "आत या."

त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसले. मग एकदम सुरू झाले.

"अकरा वर्षांचा होतो. त्या साली पाऊसच न्हवता. वैरण संपलेली. छपरावरचं जुनं गवातसुद्धा काढून घातलं होतं बैलांना. हौशा आणि नवशा. आमच्यात बेंदराच्या आदल्या सांजंला बैलांचे खांदे मळतात, हळद-लोणी लावून. आणि आवतान देतात. आज आवतान घ्या, उद्या जेवाय या. घरातल्या पोरानं द्यायचं. मी दिलं. वहिनी, बैल ऐकतात वो. कान असे पुढं करतात." त्यांनी दोन्ही तळवे कानांशी धरून दाखवले. "सकाळी उठलो तर आई पुरण वाटत होती आणि गोठ्यात कुणी न्हाई. दिवस उगवायच्या आत व्यापारी येऊन घेऊन गेला होता. पोळी तव्यावर, बैल वेशीबाहेर."

"वडिलांनी..."

"वडलांचं काय चुकलं? वैरण न्हाई तर डोळ्यांसमोर मारायचे का? त्यांनी तोंड फिरवून ठेवलं होतं दिवसभर. पण आवतान मी दिलं होतं ना? जेवायला बोलावलं आणि उपाशी धाडलं." त्यांनी नाक ओढलं. "म्हणून वैरणीत गेलो. शिकलो. लोकं म्हणतात, जगदाळे गवताचा पार वेडा हाय. असू दे."

मी, जी जिन्यातून उतरताना दहा विनोद तयार करून आले होते, डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसले. शेवटी म्हटलं, "सर, तुमच्या पाहुण्यांना दारातून कोण हाकलतंय ते मला कळलंय. मी." आणि मोबाइलवर घेतलेले फोटो दाखवले.

त्यांनी चष्मा वर केला, मोबाइल नाकाशी धरला. हरीण बघून आधी चेहरा असा उजळला की बस. मग पुढचा फोटो, मग डबा, मग ठेचा.

"अरारारा," ते म्हणाले. "तीस वर्षं लोकांच्या ताटातलं उरलेलं बघतोय. आणि आपल्या डब्यातलं न्हाई बघितलं!"

लगेच इशिइ-सानना फोन लावला. सर खुलासा करायला लागले तर पलीकडून त्या इतक्या मोठ्यांदा हसल्या की मला ऐकू आलं. त्या म्हणे मे महिन्यापासून सांगत होत्या, सारखे येऊ नका, झाडाखाली जेवू नका. सर त्यांच्या गावठी जपानीला नुसते "हाय, हाय", म्हणजे हो, हो, करत मान डोलावत होते. ठरलं असं की आता आठ दिवस सरांनी तिकडे फिरकायचंही नाही. कार्ड इशिइ-सान काढून पाठवतील. नशिबाने त्याच रात्री तिकडे धो धो पाऊस झाला आणि बांध धुऊन निघाला.

ते आठ दिवस आमच्या घराने जे भोगलं ते भोगलं. पंगत वाढून ठेवलीय आणि यजमानाने घरी बसायचं! सर रोज संध्याकाळी वर यायचे. "वहिनी, जेवली असतील का?" "सर, मला काय माहीत?" "न्हाई, असंच." हरणांना करायचा सगळा आग्रह निखिलच्या वाट्याला आला. सर भाकऱ्या घेऊन यायचे आणि समोर बसून वाढायचे. "घ्या साहेब, अर्धी. बरं चतकोर. लाजू नका." निखिलचं वजन वाढलं. मधेच सर उठून दारापर्यंत जायचे, "जरा जाऊन येऊ का, लांबनं बघतो," आणि इरा कुत्र्याच्या पिल्लाला सांगावं तसं बोट वर करून म्हणायची, "काका, माते!" म्हणजे थांबा. आणि ते थांबायचे. निमूट परत येऊन बसायचे.

नवव्या दिवशी कुरिअरवाला आला. जाड पाकीट, पत्ता इशिइ-सानच्या थरथरत्या अक्षरात. मी सरांना हाक मारली. ते अनवाणीच वर आले. पाकिटात कार्ड होतं आणि वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी. मी कार्ड कॉम्प्युटरला लावायला निघाले, पण सरांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पुडी उघडली. आत लसूणघासाचे पाच-सहा बुडखे होते. पानं नाहीत, शेंडे नाहीत, नुसते बोटभर देठ.

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि एकेक देठ उजेडात धरून बघितला. मीही बघितलं. तिरका काप नव्हता. टोकाला बारीक बारीक दशा होत्या.

पुडीच्या कागदावर काहीतरी लिहिलं होतं. जपानी अक्षर मला पटकन लागत नाही. इराने मान वाकडी करून वाचलं. "गोचिसोसामा."

इथे जेवण झालं की पाहुणा हात जोडून यजमानाला हे म्हणतो. लहान पोरंसुद्धा शाळेत डबा संपला की म्हणतात. आम्ही रोज म्हणतो, कधी लक्षसुद्धा नसतं.

सर आमच्या दारातच, चपला काढतात त्या पायरीवर, खाली बसले. देठ मुठीत धरलेले. "जेवली," ते म्हणाले. मग पुन्हा, "जेवली, वहिनी." आणि हा पन्नाशी ओलांडलेला माणूस आमच्या चपलांच्या मधोमध बसून घळाघळा रडायला लागला. इरा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी आत गेले, कारण मलाही आवरेना.

पिंजरे या वर्षी परत गोदामात गेले. लोंब्या आल्या, थोड्याफार खाल्ल्या गेल्याच, पण इशिइ-सानचं भात उभं राहिलं. त्या कुरकुरत म्हणतात की पुढच्या वर्षी ही हरणाची बया पिल्लं घेऊन येईल. सर म्हणतात, येऊ देत, पंगत वाढवू. पुढच्या वर्षी गाव ऐकेल का, मला माहीत नाही. पण ते नंतरचं.

त्या दिवशी मात्र जरा वेळाने दारातून आवाज आला. "वहिनी, ती पोळी शिल्लक हाय का?"

फ्रीजरमध्ये होत्या, चारही. मी तव्यावर गरम केल्या, तूप सोडलं आणि ताट करून ठेवलं. मीठ आधी वाढलं. ते सावकाश खात होते, गवत चावतात तसंच, डोळे मिटून. आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो. निखिलसुद्धा बाथरूममध्ये गेला नाही.

ते खाली गेल्यावर मी ताट उचललं आणि उरलेलं बघितलं. मिठाचा कणसुद्धा नव्हता.